कंपवात आणि दिव्यांगत्वाचा दाखला : वाचकांचे प्रश्न

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, औषधांविषयी विचारणारी पत्रे या सदराकडे नेहमी येतात. या वेळची बहुतेक पत्रे मात्र सरकारी कागदांबद्दल होती. दाखला मिळतो का, कुठे, किती टक्क्यांचा, आणि मिळाल्यावर त्याचे करायचे काय? प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत आणि लिहिणाऱ्यांची फक्त गावे दिली आहेत.

माझ्या बाबांना सहा वर्षांपासून कंपवात आहे. वय ६८. हातपाय शाबूत आहेत, पण शर्टाची बटणे लावायला वीस मिनिटे लागतात. दिव्यांग दाखला हात किंवा पाय गमावलेल्यांनाच मिळतो, असे शेजारी सांगतात. खरे आहे का? (सांखळी)

शेजाऱ्यांची माहिती जुन्या कायद्याची आहे. १९९५च्या कायद्यात कंपवाताचे नाव नव्हते. दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याच्या परिशिष्टात दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांखाली पार्किन्सन्स नावानिशी नोंदलेला आहे. त्यामुळे बाबांना अर्ज करण्याचा पूर्ण हक्क आहे. वयाची आडकाठी नाही.

मात्र आजाराचे निदान आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाईलवर ‘पार्किन्सन्स’ लिहिलेले आहे एवढ्याने टक्के मिळत नाहीत. त्या आजाराने माणसाचे काय काय अडते, हे वैद्यकीय मंडळ मोजते. बहुतेक सवलतींचा उंबरठा ४० टक्क्यांचा आहे. त्याखाली दाखला मिळतो, पण त्याने फारशी दारे उघडत नाहीत. २०२४च्या सुधारित नियमांनुसार यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, रंगही टक्केवारीवर ठरतो : ४०च्या खाली पांढरे, ४० ते ८०च्या आत पिवळे, ८० आणि वर निळे.

बटणांची वीस मिनिटे तुम्ही पत्रात लिहिलीत, तशीच ती अर्जासोबतच्या टिपणातही लिहा. ‘हात थरथरतात’ यापेक्षा ते वाक्य कितीतरी अधिक सांगते.

अर्ज ऑनलाईन करायचा म्हणतात. नक्की कुठे, आणि कागद कोणते? सायबरवाल्याने एकदा भरला, तो परत आला. (पर्वरी)

केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन कार्ड’ या संकेतस्थळावर. त्याच एका अर्जातून दाखला आणि यूडीआयडी कार्ड दोन्ही मिळते, वेगळा अर्ज लागत नाही. लागणारे कागद थोडे आहेत : आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो आणि उपचारांचे कागद. स्वतः अर्ज करता येत नसेल, तर कायदेशीर पालक किंवा नोंदणीकृत संस्था त्या व्यक्तीच्या वतीने करू शकते.

तुमचा अर्ज का परत आला ते पत्रात नाही, पण असे अर्ज अडकतात ते सहसा दोन ठिकाणी.

पहिले, दिव्यांगत्वाचा प्रकार. यादीत ‘पार्किन्सन्स डिसीझ’ असा स्वतंत्र पर्याय असतो. भरणारा घाईत ‘लोकोमोटर’ म्हणजे अस्थिव्यंगाचा पर्याय निवडतो, कारण तो वर असतो आणि ओळखीचा असतो. मग अर्ज हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, त्यांना हाडात काही सापडत नाही, आणि तुमचे दोन-तीन महिने जातात. सायबरमध्ये मागे उभे राहून तो एक पर्याय डोळ्यांनी पाहा.

दुसरे, नाव. गोव्यात हा घोळ जुना आहे. साठीपलीकडच्या माणसांच्या जन्मनोंदी पोर्तुगीज वळणाच्या. शंकरचे स्पेलिंग एक्सने सुरू होते, नाईकमध्ये क्यू येतो, परबाचा पोरोबो होतो. आधारवर एक, पासबुकावर दुसरे, इस्पितळाच्या केसपेपरवर तिसरे. अर्जात आधारवर आहे तेच स्पेलिंग, तेवढ्याच अक्षरांत टाका. बाकीच्या कागदांसाठी ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून एकदाच करून ठेवा. ते पुढे बँकेतही कामाला येते.

इस्पितळ निवडताना आपल्या जिल्ह्यातले किंवा जिथे उपचार चालू आहेत ते सरकारी इस्पितळ घेता येते. बाबा बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) न्यूरॉलॉजी विभागात दाखवत असतील तर तेच निवडा, कारण जुनी फाईल तिथेच आहे. म्हापसा किंवा मडगावचे जिल्हा इस्पितळ घराजवळ पडते, पण मग सगळ्या केसपेपरांच्या झेरॉक्स तुम्हाला घेऊन जाव्या लागतील. अर्ज क्रमांक मोबाईलवर येतो. त्याचा स्क्रीनशॉट घरातल्या दोघांकडे असू द्या.

आईला मंडळासमोर नेले. घरात स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी पाच-पाच मिनिटे पाय चिकटल्यासारखी उभी राहणारी आई तिथे सांगितल्याबरोबर व्हरांड्यातून सरळ चालत गेली. वर एमआरआय ‘नॉर्मल’. डॉक्टरांना आम्ही खोटे वाटलो असू. आता पुन्हा बोलावले आहे. काय करावे? (फोंडा)

हा या महिन्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून उत्तर लांब आहे.

आधी मनावरचे ओझे उतरवा. आई घरी नाटक करत नाही आणि तिथेही करत नव्हती. कंपवातात पाय गोठतात ते अरुंद जागी, वळताना, दारात, उंबरठ्यावर. इस्पितळाचा व्हरांडा रुंद आणि सरळ, आणि खाली फरशीच्या रेघा. त्या रेघा डोळ्यांना दिसतात आणि पाय त्यांच्या आधाराने पडतात, हा या आजारातला जाणता अनुभव आहे. शिवाय कुणी समोरून ‘चला’ म्हटले की चालणे जाणीवपूर्वक होते. बिघडलेले असते ते आपोआपचे चालणे. आणि तिसरे कारण गोळी. आईने सकाळी आठला गोळी घेतली असेल आणि मंडळाने साडेनऊला पाहिले असेल, तर त्यांनी औषधाच्या अंमलाखालची आई पाहिली.

आजार काही वर्षांचा झाला की लेव्होडोपाचा, म्हणजे कंपवाताच्या मुख्य औषधाचा, एक डोस साधारण तीन-चार तास पुरतो, पुढे आणखी कमी. गोळीचा अंमल असतो त्या वेळेला घरातले लोक ‘ऑन’ म्हणतात, तो उतरतो त्या वेळेला ‘ऑफ’. मंडळाला तुमच्या आईचे ऑफचे तास कुणी दाखवले नाहीत, एवढेच झाले आहे. ते कागदावर दाखवायचे असतात.

एक नोंदतक्ता करा. लागोपाठ तीन दिवस, सकाळी सहा ते रात्री दहा, अर्ध्या-अर्ध्या तासाचा एक चौकोन. त्यात गोळीची वेळ आणि मात्रा, आणि तेव्हाची स्थिती. शब्द साधे असू द्या. उदाहरणार्थ :

७.०० – गोळी, ११०ची दीड.
७.४० – चालू झाली, स्वतः चहा प्यायली.
९.४५ – पाय जड, बोलणे पुटपुटल्यासारखे.
१०.१५ – खुर्चीतून उठता येत नाही, सुनेने उठवले.
१०.४० – न्हाणीघराच्या दारात अडकली, चार मिनिटे.
११.०० – गोळी.

तीन दिवसांचे असे तक्ते झाले की खाली बेरीज करा : जागेपणीच्या सोळा तासांपैकी किती तास बंद, किती वेळा दुसऱ्याचा हात लागला, महिनाभरात किती वेळा पडली. डॉक्टरला भावना नको असतात, हे आकडे हवे असतात.

सोबत मोबाईलवर एक-दोन मिनिटांचे चार तुकडे : खुर्चीतून उठणे, बटण लावणे, उंबरठ्यापाशी थांबणे, बिछान्यात कूस बदलणे. चेहरा आणि पाय एका चौकटीत यावेत, आणि काढणाऱ्याने वेळ व शेवटच्या गोळीची वेळ मोठ्याने सांगावी. आईला विचारूनच काढा. न्हाणीघरातले, कपडे बदलतानाचे काही नको.

मग न्यूरॉलॉजिस्टकडून एक पानाचे टिपण घ्या. त्यात निदानाचे वर्ष, सध्याची औषधे वेळांसह, ‘ऑन’मधली आणि ‘ऑफ’मधली होएन-यार पायरी (आजार किती पुढे गेला ते सांगणारी) वेगवेगळी, पडण्याची संख्या, गिळणे, बोलणे, आणि विसराळूपणा असेल तर त्याच्या चाचणीचे गुण. ही पायरी एक ते पाच असते. एकच पायरी लिहिली तर बहुधा चांगल्या वेळेची लिहिली जाते, म्हणून ‘दोन्ही लिहा’ असे आवर्जून सांगा. गिळणे आणि बोलणे हे दोन मुद्दे कुटुंबे हमखास विसरतात. घरच्यांना आईचा बारीक झालेला आवाज इतका सवयीचा होतो की तो दुबळेपणा वाटेनासा होतो.

एमआरआयचे म्हणाल, तर कंपवातात तो बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. गाठ, पक्षाघात, पाणी साचणे यांसारखे दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी तो काढतात. कंपवाताचे निदान डॉक्टर तपासून करतात. कुणी त्या रिपोर्टवर बोट ठेवले तर घाबरू नका, शांतपणे न्यूरॉलॉजिस्टचे टिपण पुढे करा.

मंडळाच्या दिवशी काही पथ्ये पाळा. गोळी चुकवू नका. ‘आज गोळी न देता नेली तर खरी अवस्था दिसेल’ असा सल्ला देणारे भेटतात. लेव्होडोपा एकाएकी तोडल्याने प्रचंड ताठरपणा, तीव्र ताप आणि भ्रम होऊन माणूस अतिदक्षता विभागात पोचू शकतो, प्रसंगी जीव जातो. नेहमीच्या वेळेला नेहमीची गोळी द्या, आणि आत गेल्यावर पहिले वाक्य हे बोला : ‘शेवटची गोळी आठला घेतली, आता साडेअकरा झालेत, कृपया ही वेळ नोंदवा.’ दुपारची गोळी, पाणी आणि काहीतरी खाणे पिशवीत असू द्या, कारण रांग लांबते. व्हीलचेअर दारातच मागा. रांगेत बराच वेळ उभे राहिल्याने या रुग्णांचा रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते.

आणि आईऐवजी तुम्ही उत्तरे देऊ नका. तिला शब्द जुळवायला वेळ लागतो, तो लागू द्या. तो वेळच मंडळाने पाहायचा आहे.

यजमानांना ३६ टक्के दिले. चार टक्क्यांसाठी सगळे हुकले. अपील करावे की थांबावे? (पेडणे)

अपिलाचा हक्क कायद्याच्या कलम ५९मध्ये आहे. निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत, राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. ही मुदत आधी कॅलेंडरवर लिहा.

मग आकडा कसा आला ते पाहा. हात, चाल, बोलणे असे वेगवेगळे दुबळेपण असले तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा ‘अ’ आणि लहान ‘ब’ धरला, तर ‘अ’मध्ये ‘ब गुणिले (९० वजा अ) भागिले ९०’ एवढीच भर पडते. म्हणजे ४० आणि २०चे ६० होत नाहीत, ५१ होतात. हे ठाऊक नसल्याने कित्येकांना मंडळाने टक्के कापले असे वाटते.

आमचे मत असे : यजमानांचे बोलणे, गिळणे, पडणे किंवा ऑफचे तास तपासलेच गेले नसतील, तर अपील करा आणि वर फोंड्याच्या वाचकांना सांगितलेले कागद जोडा. सगळे नीट पाहूनच ३६ आले असतील, तर अपिलात शक्ती घालवू नका. आजार वाढता आहे. अवस्था बदलली की नव्या कागदांनिशी पुन्हा मूल्यमापन मागता येते. दाखलाच नाकारला असता, तर बाजू मांडायची संधी आणि लेखी कारणे देणे मंडळावर बंधनकारक होते, हेही लक्षात असू द्या.

दाखला मिळाला, ५५ टक्के, पण तीनच वर्षांचा. कंपवात तीन वर्षांत बरा होणार आहे का? (केपे)

होणार नाही, आणि तुमचा राग रास्त आहे. तरी मुदतीचा दाखला म्हणजे अविश्वास असे समजू नका. टक्केवारी बदलण्याची शक्यता असेल तर मुदत घालायची, असा नियम आहे. कंपवातात ती बदलते, फक्त वरच्या दिशेने.

दाखल्यावरच्या दोन ओळी वाचा. एकीत आजार ‘वाढता’, ‘न वाढणारा’, ‘सुधारण्याची शक्यता असलेला’ की ‘नसलेला’ यांवर खूण असते. दुसरीत फेरतपासणी गरजेची नाही, की अमुक काळाने करावी, ते. पहिलीत ‘वाढता’ आणि ‘सुधारण्याची शक्यता नाही’ असायला हवे. चुकून ‘सुधारण्याची शक्यता’वर खूण झाली असेल तर लगेच लेखी दुरुस्ती मागा, नाहीतर पुढची प्रत्येक कचेरी तेच वाक्य तुम्हाला वाचून दाखवील. मुदत संपण्याच्या चार महिने आधी नवा अर्ज टाका. सुधारित नियमांत दाखल्यासाठी तीन महिन्यांपर्यंतचा अवधी दिलेला आहे, आणि मधल्या काळात दाखला मुदतबाह्य झाला तर त्यावर चालणारी मदत अडू शकते.

वडिलांना गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठ नागरिकांचे महिना दोन हजार मिळतात. आता दिव्यांग दाखला ६० टक्क्यांचा आहे. दोन्ही मिळतील का? (काणकोण)

दोन्ही नाहीत. या योजनेत एका व्यक्तीला एकाच गटातून (ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग वगैरे) मदत मिळते. पण गट बदलून मागता येतो, आणि तो मागावा. २०१६च्या कायद्याचे कलम २४ सांगते की अशा योजनांत दिव्यांगांची रक्कम इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असावी. समाजकल्याण खात्याकडे अर्ज देताना हे कलम नमूद करा आणि पोचपावती घ्या. गट बदलेपर्यंत चालू मदत बंद करू नये, अशी विनंती त्याच अर्जात लिहा. आधी जुने बंद आणि मग नवे सुरू, यात मधले महिने कोरडे जातात.

नव्याने अर्ज करणाऱ्यांनी गोव्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा आणि उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून आधी काढावा. कागदांत जास्त वेळ यांनाच लागतो. आणि मदत सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो राहिला की पैसे थांबतात. चालता न येणाऱ्या माणसाच्या घरी हा दाखला विसरला जातो, म्हणून ती जबाबदारी एका ठरावीक मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर ठेवा.

केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना वेगळी. तिला ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब लागते, आणि केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत महिना ३०० रुपये. वडिलांना ती लागू नाही.

मी अनुदानित हायस्कूलमध्ये शिक्षिका आहे, वय ५१. फळ्यावरचे अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढे होते. व्यवस्थापन स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या म्हणते. (डिचोली)

देऊ नका. निदान आज तरी नको.

कलम २०चे चौथे पोटकलम स्पष्ट आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. चालू काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे. तसे पद नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांखेरीजच्या जादा, पदावर ठेवायचे. हे फक्त सरकारी शाळांना लागू, असे व्यवस्थापन म्हणेल. पण कायद्याच्या व्याख्येत सरकारी अनुदान घेणारी संस्थाही ‘सरकारी आस्थापना’च आहे. आणि या पोटकलमात ४० टक्क्यांची अट लिहिलेली नाही.

स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही झाली की हे संरक्षण तुम्ही आपल्या हाताने सोडलेत, असा अर्थ निघतो. त्याऐवजी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या : दाखल्याची प्रत जोडून पर्यायी काम (ग्रंथालय, परीक्षा विभाग, प्रोजेक्टरवर शिकवता येतील असे तास) आणि औषधांच्या वेळांप्रमाणे वेळापत्रक मागा. प्रत शिक्षण खात्याला पाठवा. उत्तर आले नाही तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते.

अक्षर लहान होत जाणे हे या आजाराचे लक्षणच आहे, निष्काळजीपणा नव्हे. पाच वर्षांपूर्वीच्या आणि आताच्या टाचणवहीचे एकेक पान मंडळासाठी जपून ठेवा. एवढा बोलका पुरावा क्वचित कुणाकडे असतो.

एक गैरसमज मात्र या निमित्ताने दूर व्हावा : नव्या नोकरीतले ४ टक्के आरक्षण कलम ३४खाली येते, आणि त्यात कंपवाताचे नाव नाही. नोकरी टिकवण्याचे संरक्षण आहे, म्हणून आरक्षणही असेल असे धरू नका.

नवरा वेर्ण्याच्या कारखान्यात ऑपरेटर, वय ४४. पगारातून ईएसआय कापतात. रजा संपत आल्या. (नुवे)

ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या, ३४ दीर्घ आजारांच्या यादीत पार्किन्सन्स आहे, आणि हे कामगारांना सहसा कुणी सांगत नाही. नेहमीचा आजारपण भत्ता वर्षाला ९१ दिवस, सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के. तो संपल्यावर यादीतल्या आजारांना वाढीव भत्ता ८० टक्के दराने मिळतो, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. अटी दोन : सलग दोन वर्षांची विमापात्र नोकरी, आणि मागच्या चार वर्गणी-कालावधींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी. वर्गणी खंडित होण्याआधी हे करायला हवे. म्हणून ‘राजीनामा देतो आणि मग बघतो’ असे त्यांना म्हणू देऊ नका. आधी ईएसआयच्या डॉक्टरकडून निदान नोंदवून घ्या. खासगी डॉक्टरची फाईल सोबत न्या, पण रजेचे प्रमाणपत्र ईएसआयचेच लागते.

पुढे काम पूर्ण आणि कायमचे अशक्य झाले, तर भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५च्या निवृत्तिवेतन योजनेत अपंगत्वाचे निवृत्तिवेतन आहे. त्याला दहा वर्षांच्या सेवेची अट नाही, पण ते अपंगत्व नोकरीत असतानाच आलेले असावे लागते.

आयकरात काही सूट? (पणजी)

१९६१च्या कायद्याच्या कलम ८०डीडीबीखाली ठरावीक आजारांच्या उपचारखर्चाची वजावट मिळते आणि नियमांतल्या यादीत पार्किन्सन्स नावाने आहे, पण दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असेल तरच. मर्यादा ४०,००० रुपये, रुग्ण ६० वर्षांवरचा असेल तर १ लाख. विम्यातून आलेली रक्कम वजा होते. न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी लागते. तिच्यावर रुग्णाचे नाव, वय, आजार, आणि डॉक्टरांचे नाव, पत्ता, पदवी व नोंदणी क्रमांक हवा. सरकारी इस्पितळात उपचार असतील तर तिथल्या पूर्णवेळ एमडी मेडिसीन डॉक्टरांची चिठ्ठीही चालते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, विवरणपत्र भरताना ते पाहा.

ही वजावट जुन्या करपद्धतीतच आहे. २०२५-२६पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर शून्य येतो. त्यामुळे तुमचे निवृत्तिवेतन आणि व्याज त्याच्या आत असेल, तर या कलमासाठी जुनी पद्धत निवडण्यात तोटाच आहे.

बँकेत सही जुळत नाही म्हणून पैसे देत नाहीत. फोनवरून हयातीचा दाखला काढायला गेलो, तर तोही होत नाही. (मडगाव)

सही जुळणार नाहीच, कारण ती आक्रसत गेली आहे. दर खेपेला नवी सही देण्यापेक्षा एकदा शाखेत जाऊन अंगठ्याची सोय मागा. आजारी आणि असमर्थ खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत : सही करता येत नसेल तर अंगठ्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा, दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी. सत्तरीवरच्या आणि दिव्यांग खातेदारांना घरपोच सेवेच्याही सूचना आहेत. खाते संयुक्त नसेल तर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचे करून घ्या. माणूस स्पष्ट बोलू शकतो तोवर ही कामे उरका.

फोनवरच्या दाखल्याचे कारण वेगळे असावे. चेहरा ओळखणारे ॲप पापण्या मिटायला सांगते. कंपवातात पापण्यांची उघडझाप कमी होते, चेहरा स्थिर राहतो, आणि ॲपला वाटते की समोर माणसाऐवजी फोटो धरला आहे. गोळी घेतल्यानंतर तासाभराने, दिवसाउजेडी खिडकीकडे तोंड करून बसवा. फोन दुसऱ्याने धरावा आणि ‘आता डोळे घट्ट मिटा, उघडा’ असे मोठ्याने सांगावे. मुद्दाम केलेली हालचाल आपोआपच्या हालचालीपेक्षा चांगली जमते. दोन-तीनदा नाही जमले तर नाद सोडून बँकेतून छापील दाखल्यावर अधिकाऱ्याची सही घ्या. तोही तितकाच ग्राह्य आहे.

एलआयसीच्या पॉलिसीत ‘अपंगत्व लाभ’ लिहिले आहे. कंपवाताला मिळेल का? आणि दाखला सिंधुदुर्गातून काढलेला आहे, गोव्यात चालेल का? (मोपा)

तो लाभ अपघाताने आलेल्या अपंगत्वाचा असतो, कंपवाताला लागू होत नाही. पॉलिसी मात्र त्यासाठी मोडू नका. दाखला देशभर चालतो, कलम ५८ तसे सांगते. नवा काढायची गरज नाही, फक्त यूडीआयडीवरचा पत्ता बदलून घ्या. गोवा सरकारच्या मदतीसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याची अट वेगळी आहे, ती दाखल्याने भागत नाही.